जुनी पिकअप : मूळ रूप जपायचे की मनासारखी घडवायची?

बुलडाणा : चाके काढून विटांवर उभी केलेली जुनी जीप जिल्ह्यातील बहुतेक तालुक्यांच्या गावी कुठल्या ना कुठल्या गॅरेजच्या मागे दिसते. आजोबांनी ती सरकारी लिलावात घेतलेली असते, वडिलांनी मागची आसने काढून तिथे हौदा बसवलेला असतो आणि नातवाला आता ती पुन्हा रस्त्यावर आणायची असते. पत्र्याचे काम झाले, रंग लागला, इंजिनचा आवाज घुमला की घरात आनंदीआनंद होतो. अडचण पुढे येते, ती परिवहन कार्यालयाच्या खिडकीशी. नोंदणी पुस्तकात पेट्रोल इंजिन लिहिलेले आणि गाडीत डिझेल इंजिन, हे कसे? या प्रश्नाला उत्तर नसेल तर पदरचे पैसे घालून उभी केलेली गाडी पुन्हा विटांवर जाते.

जुनी पिकअप किंवा जीप हाती घेणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. गाडी कारखान्यातून निघाली तशी पुन्हा करायची, ही एक. तिला आपल्या मनासारखी घडवायची, ही दुसरी. हौस म्हणून दोन्ही सारख्याच. पण कायद्याच्या नजरेत त्यांच्यात मोठे अंतर आहे आणि पहिला बोल्ट सोडण्यापूर्वीच ते ध्यानात घ्यावे लागते. बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात तर त्याआधी आणखी एक कोडे सोडवावे लागते. पन्नास वर्षे शेतमाल वाहिलेल्या, तीन वेळा इंजिन बदललेल्या गाडीचे 'मूळ रूप' म्हणायचे तरी कशाला?

फेरफारातून जन्मलेली गाडी

पुढे दोघा-तिघांपुरती केबिन आणि मागे उघडा हौदा, ही पिकअपची सोपी ओळख. अमेरिकेतील शेतकरी आणि कारागीर सुरुवातीला मोटारीचा मागचा भाग काढून तेथे लाकडी पेटी बसवून घेत. ही गरज ओळखून फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये आपल्या 'मॉडेल टी' मोटारीला कारखान्यातच हौदा जोडून ती विक्रीस आणली. म्हणजे पिकअपचा जन्मच मुळी मालकांनी केलेल्या फेरफारातून झाला. त्याच फेरफाराने पुढे मालकांनाच अडचणीत आणावे, ही गंमतच म्हणायची.

भारतात या गाड्या आल्या त्या मुंबई बंदरातून, सुट्या भागांच्या पेट्यांत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला आणि शेवरोले मोटारी व मालगाड्या तेथून देशभर जाऊ लागल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीशी सहकार्य करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो या नावांच्या गाड्या बांधल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने निव्वळ जुळणीऐवजी देशी उत्पादनाचा आग्रह धरला, तेव्हा जनरल मोटर्सने १९५४ मध्ये आपला गाशा गुंडाळला.

या काळातील मालगाड्यांबाबत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. अनेक गाड्या कारखान्यातून केवळ इंजिन, चेसिस आणि पुढचा दर्शनी भाग एवढ्याच स्वरूपात निघत. केबिनचे लाकूडकाम, हौदा, फाळके हे सारे गिऱ्हाइकाच्या गावचे सुतार-लोहार किंवा जवळच्या शहरातील बॉडी बांधणारे करून देत. अशा गाडीचे 'कारखान्यातील मूळ शरीर' शोधू गेल्यास ते सापडणार नाही, कारण ते कधी अस्तित्वातच नव्हते.

जीपची कहाणी निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलिज आणि फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पोलाद व्यापाराची कंपनी स्थापन झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र या महिंद्र बंधूंच्या या कंपनीने विलिज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जुळणी सुरू केली आणि पुढे देशी उत्पादनाकडे मोर्चा वळवला. 'सीजे-३बी' ही उंच बॉनेटची जीप त्यांतली सर्वांत परिचित. तिचे बॉनेट उंच असण्याचे कारण शोभेचे नव्हते. हरिकेन नावाच्या २.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनात आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये बसवलेले होते. इंजिनची उंची वाढली, म्हणून झाकणही वर गेले. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झाले. भारतात मात्र तोच सांगाडा नावे आणि इंजिने बदलत पुढे कित्येक वर्षे चालू राहिला.

खऱ्या अर्थाने पिकअप म्हणावी अशी महिंद्रची जुनी गाडी म्हणजे 'एफसी-१५०' आणि तिची पुढची आवृत्ती 'एफसी-१६०'. चालक इंजिनच्या मागे न बसता जवळजवळ त्याच्या डोक्यावरच बसतो. त्यामुळे गाडीची लांबी जीपएवढीच राहून हौद्याला जागा अधिक मिळते. सपाट नाकाची ही गाडी आज क्वचितच दिसते आणि म्हणूनच हौशी मंडळी तिच्या शोधात असतात. बजाज टेम्पोची मॅटाडोर १९६९ मध्ये आली, तर टाटांची पिकअप, 'टाटामोबाइल', १९८८ मध्ये. या शेवटच्या गाडीला जुनी म्हणता येईल, पण 'व्हिंटेज' नव्हे. हा शब्द आता नियमाने बांधला गेला आहे.

जिल्ह्यातील गाड्यांचे कूळ

बुलडाणा जिल्हा १९५६ पर्यंत तत्कालीन मध्य प्रदेशात होता. राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. हा इतिहासाच्या पुस्तकातील तपशील जुन्या गाडीच्या मालकाला थेट भिडतो. १९५६ पूर्वी येथे नोंदलेल्या गाडीचे पहिले कागद मध्य प्रदेश सरकारच्या काळातील असतात. तिचा क्रमांक, तिचे नोंदणी पुस्तक आणि त्यावरील शिक्के आजच्या 'एमएच-२८'शी जुळत नाहीत. कपाटात ठेवलेले ते जीर्ण पुस्तक रद्दीत गेले, तर गाडीचे वय सिद्ध करण्याचा हुकमी पुरावाच गेला असे समजावे.

गावोगाव जीप पोहोचली ती बहुतांशी सरकारी दारातून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि विकास गटांच्या अधिकाऱ्यांना दौऱ्यासाठी जीप मिळाल्या. पुढे पंचायत समित्या, आरोग्य, कृषी आणि वन या खात्यांच्या आवारात त्या दिसू लागल्या. सरकारी सेवेतून उतरलेली जीप लिलावात निघे, ती एखादा शेतकरी किंवा व्यापारी घेई आणि तिचा दुसरा जन्म सुरू होई. खामगावच्या बाजारात कापूस, घाटाखालून घाटावर भाजीपाला, लग्नसराईत वऱ्हाड, निवडणुकीत भोंगे, एकादशीला शेगावची वाट, अशी सगळी कामे ती करी. मोताळ्याहून बुलडाण्याला येताना राजूर घाटाची चढण भरल्या गाडीने काढायची, तर चारही चाकांना जोर देणारा हा सांगाडा भरवशाचा वाटे.

मागणी बदलली तशी गाडी बदलत गेली. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव भडकले आणि जीपचे पेट्रोल इंजिन मालकांना पोसवेना. कुणी ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवले, कुणी पुढे महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यावर बनवलेले २.१ लिटरचे डिझेल इंजिन आणले. मागचा भाग कापून हौदा लांबवला, पाट्यांत जास्तीची पाने घातली, टप पत्र्याचा केला. हे फेरफार छंदापोटी झालेले नाहीत. संसार चालवण्यासाठी झालेले आहेत. परिवहन कार्यालयात त्यांची नोंद प्रत्येकाने केली असेल, असे मात्र नाही.

जागतिक पातळीवर जुन्या वाहनांच्या संघटनांचा महासंघ 'फिवा' या नावाने ओळखला जातो. त्याच्या व्याख्येनुसार ३० वर्षे पूर्ण झालेले, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत राखलेले आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन 'ऐतिहासिक' ठरते. गाडी कामात असतानाच्या काळात, त्या काळच्या पद्धतीने झालेले बदल हा तिच्या इतिहासाचाच भाग आहे, असे हा महासंघ मानतो आणि अशा गाड्यांसाठी त्याने स्वतंत्र वर्ग ठेवला आहे. १९७० च्या दशकात डिझेल झालेली विदर्भातील जीप या दृष्टीने अस्सल ठरू शकते. भारतीय नियमांची दृष्टी तशी नाही.

पन्नाशीचा नियम

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी प्रथमच स्वतंत्र नियम लागू केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, वैयक्तिक वापराची दुचाकी वा चारचाकी या नियमांत बसते. अट अशी की तिचे मूळ रूप टिकलेले असावे आणि चेसिस, बाह्य सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अर्ज 'परिवहन' संकेतस्थळावरून करावा लागतो. त्यासोबत विमा, शुल्क आणि आधीचे नोंदणी प्रमाणपत्र, आयात गाडी असल्यास सीमाशुल्काचा कागद, असे जोडावे लागते. राज्याच्या समितीने तपासणी करून मान्यता दिल्यावर प्रमाणपत्र मिळते. ते दहा वर्षे चालते. नव्या नोंदणीसाठी २० हजार आणि नंतरच्या नूतनीकरणासाठी ५ हजार रुपये शुल्क ठरवण्यात आले. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' ही अक्षरे येतात.

या मानासोबत बंधनेही येतात. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोज बाजारात नेता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर काढता येते. व्यावसायिक वापराला मनाई आहे. म्हणजे जी पिकअप अजून सोयाबीनची पोती वाहते, तिच्यासाठी ही वाट नाही. शिवाय मालवाहू म्हणून नोंद असलेल्या गाडीच्या मालकाने वयाची बेरीज करण्याआधी नोंदणीचा वर्ग पाहावा.

मग उरते ती साधी नोंदणी. खासगी गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ते वाढवून मिळते. मालवाहू पिकअपला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. जुन्या गाड्या मोडीत निघाव्यात या हेतूने शुल्के वाढवण्यात आली आहेत. हलक्या खासगी चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मधील अधिसूचनेने २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते १० हजारांवर नेले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मात्र ठरावीक वयानंतर गाडी आपोआप बाद, असा सरसकट नियम महाराष्ट्रात करण्यात आलेला नाही. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद करण्याचे आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिले ते दिल्ली परिसरापुरते होते. चहाच्या टपरीवरच्या चर्चेत ही दोन चित्रे नेहमी एकमेकांत मिसळतात आणि घाबरून चांगल्या गाड्या भंगारात जातात.

कलम ५२ चा फास

मनासारखी गाडी घडवू पाहणाऱ्याने मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे, निदान कुणाकडून समजून घ्यावे. निर्मात्याने ठरवलेला आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, हा त्याचा गाभा. ९ जानेवारी २०१९ रोजी न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन, परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

इंजिन बदलणे मुळात गुन्हा नाही. परवानगी घेऊन ते बदलता येते आणि बदलल्यापासून १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवून प्रमाणपत्रात नोंद करून घ्यावी लागते. इंधन बदलायचे, म्हणजे सीएनजी किंवा वीज यांकडे वळायचे, तर मान्यताप्राप्त संच बसवता येतो. विजेच्या संचांची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. विजेवर चालणारी जुनी जीप कायदेशीर असू शकते. ती व्हिंटेज मात्र राहत नाही.

बाकी हौसेच्या गोष्टींत पुढचा पोलादी गार्ड सर्वाधिक लोकप्रिय आणि सर्वाधिक चुकीचा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने असे गार्ड अनधिकृत असल्याचे राज्यांना कळवले. धडकेचा जोर गाडीच्या पुढच्या भागात जिरण्याऐवजी तो थेट चेसिसवर येतो आणि समोरचा पादचारी असेल तर त्याच्या वाट्याला पोलादी नळी येते. अवाढव्य चाके, वाढवलेली उंची, डोळे दिपवणारे दिवे, अनेक सुरांचे हॉर्न यांचेही तेच. रंग बदलायला हरकत नाही, पण रंगाची नोंद प्रमाणपत्रात असते, तेव्हा ती बदलून घ्यावी. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव उघड्या, सजवलेल्या जीपसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथली झगमगती जीप चित्रफितीत पाहून विकत आणण्याचा मोह अनेकांना होतो. गाडी येतेही, तिच्या कागदांवर आणि अंगावर एकच गाडी आहे की दोन-तीन गाड्यांचे भाग जुळवले आहेत, हे ट्रकवरून उतरवल्यावर कळते.

गॅरेजमधील क्रम

कागद पक्के असतील तर पुढचे काम कष्टाचे असले तरी अवघड नाही. या गाड्यांची चेसिस शिडीसारखी असते, दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे. बॉडी बोल्ट सोडून वेगळी उचलता येते. ती उचलल्याशिवाय केलेले काम म्हणजे गंजावर रंग. पाण्याचा आणि चिखलाचा साठा होतो त्या जागा, पाट्यांच्या कड्या, बॉडी टेकते ते पट्टे, बॅटरीखालचा पत्रा, आधी तपासावेत. वाळूच्या माऱ्याने चेसिस साफ केली की खरी स्थिती दिसते. कुजलेला पत्रा कापून नवा लावावा. त्यावर पुट्टीचा थर चढवून तो झाकणाऱ्या कारागिराला हात जोडावेत. जुन्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते, तेव्हा ती बाहेर काढल्याखेरीज वेल्डिंगची ठिणगी पाडू नये.

रंगाआधी ब्रेक. मुंबई-पुण्याकडील हौशी मालकाची गाडी सपाट रस्त्यावर रॅलीला जाते. बुलडाण्यातील मालकाला घाट उतरायचा असतो. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि त्यांना तेल पोहोचवणारा मार्ग एकच असतो. एका चाकाचा सिलिंडर गळाला किंवा एक नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. नंतरच्या गाड्यांत हा मार्ग दुहेरी झाला तो याच कारणाने. नुसती रबरे बदलून न भागवता मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि पोलादी नळ्या नव्या टाकणे हा खर्च टाळण्यासारखा नाही. दुहेरी मार्गाचा मास्टर सिलिंडर बसवावा काय, यावर मूळ रूपाचा आग्रह धरणारे आणि रोज गाडी चालवणारे यांच्यात एकमत होत नाही. राजूर घाटातून भरली गाडी उतरवणाऱ्याने दुसऱ्यांचे ऐकलेले बरे.

इंजिनच्या कामाला आपल्याकडे कारागिरांची वाण नाही. ट्रॅक्टर आणि पंपांची इंजिने उघडणारे हात याही इंजिनला सरावलेले असतात. सिलिंडर बोअर करणे, क्रँक घासून त्या मापाची बेअरिंग घालणे, हेडला तडा आहे का ते पाहणे ही कामे अकोला, जालन्याच्या लेथवर होतात. भागांचा प्रश्नही वाटतो तेवढा बिकट नाही. विलिजचाच सांगाडा महिंद्रने दीर्घकाळ चालवल्यामुळे 'सीजे-३बी'चे अनेक भाग भारतातच बनत राहिले. जे नव्याने मिळत नाहीत त्यांच्यासाठी मुंबईचा चोरबाजार, कुर्ला आणि पुण्याचा जुना बाजार हे ठरलेले फेरे आहेत. 'एफसी'ची काच, दारांची कुलपे, दिव्यांच्या कड्या मात्र दुर्मीळ. त्या जुन्या गाडीवरूनच उतरवाव्या लागतात. म्हणून पत्रा कुजलेली का होईना, पण सर्व बारीकसारीक भाग जागच्या जागी असलेली गाडी घेणे अंती स्वस्त पडते. पत्रा ठोकून करता येतो, ओतीव कडी घरी करता येत नाही.

मूळ पेट्रोल इंजिन राखणाऱ्यांपुढे अलीकडे नवी अडचण उभी आहे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर पोहोचले. जुन्या गाडीतील रबरी नळ्या, इंधन पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केट ही या मिश्रणासाठी बनलेली नाहीत. ती फुगतात, मऊ पडतात, गळू लागतात. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या लोखंडी टाकीला आतून गंज चढतो. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालणे आणि दीर्घकाळ गाडी उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करणे, एवढी काळजी घ्यावीच लागते.

आटणारा झरा

जिल्ह्यात जुन्या जीप ज्या वाटेने आल्या ती वाट आता बंद झाली आहे. जानेवारी २०२३ मधील केंद्राच्या अधिसूचनेनुसार केंद्र, राज्य, स्थानिक स्वराज्य संस्था आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते आणि ती वाहने नोंदणीकृत मोडणी केंद्रातच द्यावी लागतात. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची विशेष वाहने यातून वगळली आहेत. त्यामुळे पंचायत समितीच्या किंवा कृषी खात्याच्या आवारात गवतात बुडालेली जीप पूर्वीप्रमाणे बोली लावून घरी नेता येत नाही. तिचे लोखंड वितळवले जाते. ज्या गाड्या त्याआधीच खासगी मालकांकडे आल्या, त्यांवरच आता या छंदाची मदार आहे. त्यांतही ज्यांचे कागद शाबूत आहेत अशा थोड्या.

सैन्याच्या लिलावातून आलेल्या जीपला आणखी एक सोपस्कार असतो. तिची पूर्वीची नोंद लष्कराकडे असते, नागरी क्रमांक लिलावानंतर मिळतो. त्यामुळे लिलावाची मूळ पावती आणि सुपूर्दनामा हीच तिची जन्मपत्रिका. युद्धकाळातील काही गाड्यांचे चालकचक्र डावीकडे असते. अशी गाडी चालवण्यास मनाई नाही, मात्र तिला इशारा दर्शवणारी यांत्रिक वा विजेवरची व्यवस्था असणे कायद्याने बंधनकारक आहे.

गाडी पाहायला जाताना मालकाची परवानगी घेऊन चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासावी, ठसा घ्यावा, इंजिन क्रमांक लिहून घ्यावा आणि दोन्ही नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत. पुस्तक हस्तलिखित असेल तर त्याची नोंद संगणकीकृत 'वाहन' प्रणालीत चढली आहे काय, हे बुलडाण्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारावे. नसल्यास कार्यालयातील जुन्या दप्तरावरून ती करून घेण्याचा अर्ज गाडी विकणाऱ्याकडूनच करून घ्यावा. चेसिसवरचे आकडे गंजाने पुसट झाले असतील तर घाईने नव्याने ठोकू नयेत. क्रमांक पुन्हा उमटवण्यास परिवहन अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. ती न घेता ठोकलेला आकडा, तो खरा असला तरी, चोरीच्या गाडीचा संशय ओढवून घेतो.